सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात फिरायला यायचंय? मग हे नेहमीचे प्रश्न आधी वाचा

पुण्या-मुंबईचे पाहुणे, जुने मित्र, मित्रांचे मित्र, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात आणि मी दरवेळी तीच उत्तरं टाईप करत बसतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. आता कोणी विचारलं की हेच पाठवणार.

सोलापुरात वाईन? चादरीचं सोलापूर ना हे?

हो की ओ, तेच. पण सोलापूर म्हणजे फक्त शहर नाही, जिल्हा केवढा लांबरुंद आहे, अकरा तालुके. शहरातून निघून मोहोळ, पंढरपूर करत पश्चिमेच्या टोकाला गेलात की माळशिरस तालुका लागतो आणि त्यातलं मोठं गाव म्हणजे अकलूज. शहरापासून साधारण ११५ किमी. त्या पट्ट्यात मोटेवाडी, गारवड, निमगाव या बाजूला फ्रातेली या वाईन कंपनीचे द्राक्षमळे आहेत. फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. नाव तसं पडलं कारण भागीदार म्हणजे तीन घरांतल्या भावांच्या जोड्या, इटलीचे सेक्की, आपले सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाईन बनवायला टस्कनीचे पिएरो मासी आले. त्यांच्या सगळ्यात नावाजलेल्या रेड वाईनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात, कारण सहा भाऊ आणि सातवे मासी. उसाच्या पट्ट्यात सांजोवेझे नावाचं इटालियन द्राक्ष उभं आहे हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही कोणीतरी फेकतंय असं वाटलं होतं.

मग नाशिकसारखं आहे का सगळं?

नाही. आणि तसं समजून आलात तर हिरमोड होईल. नाशिकला एका दुपारी तीन-चार वाईनरी होतात, कॅफे, म्युझिक, सेल्फी, सगळं. इथे तसला बाजार नाही. मैलोन्‌मैल द्राक्षबागा आहेत पण त्यातल्या बहुतेक खायच्या द्राक्षांच्या नाहीतर बेदाण्याच्या. वाईन हे इथलं एक निमित्त समजा, बाकी दिवस किल्ले, देवळं, नदी आणि माळ यात जातो, आणि मला विचाराल तर तेच जास्त भारी आहे.

पण एवढ्या दुष्काळी भागात द्राक्ष येतंच कसं?

उलट आहे बघा. द्राक्षाला पाऊस नको असतो, मुळाशी मोजून पाणी पाहिजे असतं. सह्याद्रीने अडवलेला पाऊस आमच्याकडे येईपर्यंत दमतो, हवा कोरडी राहते, आणि पाणी भीमेचं, नीरेचं, नाहीतर शेततळ्यातलं, ते पण ठिबकने. कोरड्या हवेत डावणीसारखा रोग कमी त्रास देतो. अवकाळी आला की मात्र सगळं उलटं, तेव्हा बागायतदाराला फोन करून “काय मग, कसं चाललंय” विचारू नये, तो आधीच रात्रभर जागा असतो.

बागेत गेलो की घड तोडून खाता येतात का?

न विचारता अजिबात नाही. एक तर वर्षभराची मेहनत आहे, दुसरं म्हणजे फवारणी कधी झालीय तुम्हाला माहीत नसतं. आणि वाईनची द्राक्षं खाऊन बघाल तर तोंड वाकडं कराल: मणी बारीक, साल जाड, आत बिया, गोड मात्र भयंकर. लोकांना वाटतं उरलीसुरली, बाजारात न खपलेली द्राक्षं वाईनला जातात. तसं नसतं, वाण वेगळे, लावायची पद्धत वेगळी, एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात म्हणजे उरलेल्या घडांत चव चांगली भरते.

खायची द्राक्षं पाहिजे असतील तर सीझनला रस्त्याकडेला पेट्या मिळतात, थॉमसन, माणिक चमन, सोनाका. यातली लांब मण्याची सोनाका ही आमच्या नान्नजची, नानासाहेब काळे यांनी निवडून काढलेली जात. सोलापूर-बार्शी रोडवरचं गाव. शेतकऱ्याने स्वतःच्या बागेत एक वेगळी फांदी हेरली आणि ती अख्ख्या महाराष्ट्रात गेली, याचं मला वाईनपेक्षा जास्त कौतुक आहे.

कधी यावं?

जानेवारी किंवा फेब्रुवारी. बाकी सगळी उत्तरं दोन नंबरची.

कारण सांगतो. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी. त्या दुसऱ्या छाटणीचा माल जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतो, म्हणजे बाग भरलेली बघायची तर हाच टाईम. त्याच दिवसांत शेतात हुरडा असतो, उजनीवर फ्लेमिंगो असतात, आणि संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. सात मानाच्या काठ्या, म्हणजे नंदीध्वज, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक ते उंचच्या उंच ध्वज तोलत चालतात आणि शहर अक्षरशः थांबतं. तेव्हा लॉज मात्र आधी बघून ठेवा.

मे महिन्यात येऊ नका. येऊ नकाच. ४३-४४ डिग्री काही विशेष नाही आमच्याकडे, आणि वेली तेव्हा नुसत्या पानांच्या असतात. पावसाळ्यात माळ हिरवा होतो, नळदुर्गचं पाणी पडतं, ते वेगळं सुख आहे, पण द्राक्षं नाहीत.

वाईनरीत बघायला काय असतं? नुसतं जाऊन चालतं का?

आधी फोन करून, बुकिंग करूनच जा. टुरिस्ट स्पॉट म्हणून गेट उघडं टाकलेलं नसतं, तो चालू कारखाना आणि शेत आहे. ठरवून गेलात तर मळा दाखवतात, मग स्टीलच्या मोठ्या टाक्या, लाकडी पिंपं, आणि शेवटी टेस्टिंग. तोडणी चालू असेल तर मजा येते, ऊन चढायच्या आत घड उतरवायचे असतात म्हणून पहाटेची लगबग. एक गोष्ट नीट ऐका तिथे, रेड आणि व्हाईटमधला फरक. बऱ्याच जणांना वाटतं काळ्या द्राक्षाची रेड, हिरव्याची व्हाईट, संपला विषय. पण काळ्या द्राक्षाचा रस पण आतून बहुतेक फिकाच असतो, रंग सगळा सालीत. रेडला रस सालीसकट आंबवतात, व्हाईटला साल आधीच बाजूला काढतात.

टेस्टिंगला थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरलं तर कोणी हसत नाही. गाडी चालवणाऱ्याने नुसता वास घ्यावा, यावर माझ्याशी वाद घालू नका. वयाचा पुरावा जवळ असू द्या.

पंढरपूरला दर्शन पण करायचंय आणि वाईनरी पण. एकाच ट्रिपमध्ये बरं दिसतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा हळू आवाजात. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आधी दर्शन, मग एक रात्र मध्ये, मग अकलूज. उलट करू नका. कोणी अडवणार नाही, पण तोंडाला वास घेऊन नामदेव पायरीशी उभं राहणं तुम्हालाच बरं वाटणार नाही. आमच्या आईला हे प्लॅनिंग सांगितलं तर ती म्हणाली, “विठोबाला काय, तो सगळ्यांचाच, पण तुझी लाज तू बघ.” संपलं.

दुसरं, आषाढी आणि कार्तिकी एकादशीला राज्यभर ड्राय डे असतो, पंढरपूर भागात यात्रेच्या दिवसांत बंदोबस्त आणखी कडक असतो. आषाढीच्या आधीचा आठवडाभर तर हा अख्खा पट्टा वारीचाच असतो. माऊलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी येते, तुकोबांची इंदापूरहून सराटीला नीरा ओलांडून अकलूजला. अकलूजच्या मैदानात तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं, घोडा सुटतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्या दिवसांत यायचं असेल तर वाईनबिईन डोक्यातून काढून वारी बघायलाच या, आणि गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा.

अकलूजला पोचलो, आता आजूबाजूला काय?

गावातच नीरेच्या काठी भुईकोट किल्ला आहे, बराचसा नीट केलेला, आत शिवचरित्रातल्या प्रसंगांची शिल्पं मांडून शिवसृष्टी केलीय. पोरांना आवडते. मला त्यापेक्षा बुरुजावर उभं राहून खाली नीरा बघायला आवडतं, संध्याकाळी पाचनंतर.

वेळापूर मात्र चुकवायचं नाही. अकलूजपासून दहा-बारा किमी, पंढरपूरच्या रस्त्याला जाताना. अर्धनारी नटेश्वराचं यादवकाळचं देऊळ आहे, काळ्या दगडाचं, आपण हेमाडपंती म्हणतो तसलं, समोर पायऱ्यांचं कुंड. नावावरून वाटतं मूर्ती अर्धी पुरुष अर्धी बाई असेल, तर तसं नाही, शंकर आणि पार्वती शेजारी शेजारी उभे आहेत. रामदेवराय यादवाच्या काळातले मराठी शिलालेख पण आहेत इथे. गर्दी नसते, पुजारीबुवा निवांत असले तर बोलतात. तिथल्या थंडगार दगडी मंडपात दुपारी अर्धा तास नुसतं बसायचं, फोन खिशात ठेवून. वेळापूरच्या अलीकडे उतारावर माऊलींच्या वारीतले वारकरी पळत सुटतात, त्याला धावा म्हणतात. तुकोबांना तिथून विठ्ठलाच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी गोष्ट आहे.

वेळ असेल तर नीरा नरसिंहपूर. नीरा आणि भीमा जिथे भेटतात तिथे नरसिंहाचं मोठं दगडी देऊळ, पेशवाईत विंचूरकरांनी बांधलेलं, पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांचं कुलदैवत. कागदोपत्री पुणे जिल्हा, पण नदीला काय जिल्हा कळतोय.

फ्लेमिंगो कुठे दिसतात?

उजनीच्या बॅकवॉटरला. भीमेवरचं हे धरण १९८० ला पूर्ण झालं, भिंत आमच्या माढा तालुक्यात पण पाणी मागे पार पुणे जिल्ह्यात पसरलंय. बोटीतून पक्षी बघायचे तर भिगवण, कुंभारगाव बाजूला, पुण्याहून येताना वाटेतच पडतं. डिसेंबर ते मार्च, सकाळी लवकर. नावाड्याला “अजून जवळ घे, अजून जवळ घे” करू नका, थवा उडाला की खाणं सोडून उडतो बिचारा. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. धरणात गावं गेली त्या लोकांसाठी ती काही गंमत नाही, एवढं लक्षात ठेवून बघा.

मराठीतला जुना शिलालेख सोलापूरजवळ आहे म्हणतात, तो कुठे?

हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापूर तालुका, शहरापासून ४० किमीच्या आसपास, भीमा आणि सीना यांचा संगम. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर कोरलेला लेख आहे, शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. शेवटची ओळ मराठी आहे आणि तिचा अर्थ साधारण असा की जो हे वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने वाचणाऱ्याला दिलेला आशीर्वाद आहे तो. आमच्याकडे लहानपणापासून देव दाखवायला न्यायचे पण मान वर करून हे वाच असं कोणी सांगितलं नाही, मी पस्तिशीत पहिल्यांदा वाचला. म्हणजे वाचला कसला, गुरवाने बोटाने दाखवला.

शेजारीच हरिहरेश्वराचं देऊळ, मातीखाली गाडलेलं होतं, १९९९ मध्ये खोदून मोकळं केलं. त्यात बहुमुखी शिवलिंग निघालं, एकाच दगडात ३५९ मुखं कोरलेली. फोटोत काही कळत नाही, समोर बसून ओळीने मोजायला लागा, शंभरच्या आत हुकता.

एक सल्ला, सकाळी जा. मी एकदा एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता पाहुण्यांना घेऊन गेलो, चपला बाहेर, आणि आवारातली फरशी तव्यासारखी. चार माणसं बेडकासारखी उड्या मारत गाभाऱ्यात पोचली. चूक माझीच.

माळढोक दिसेल का?

नाही दिसणार. खोटी आशा लावत नाही.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. सुरुवातीला ८,४९६ चौ. किमी जाहीर केलं होतं, त्यात गावंच्या गावं, शेतं, सगळंच आलं, लोक वैतागले, पुढे कमी करून १,२२२ वर आणलं. तोवर पक्षीच संपत आला. पण म्हणून जाऊ नका असं नाही. काळविटांचे कळप दिसतात, नशीब असेल तर लांडगा, खोकड, आणि हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवतावरून तरंगत जातात. आपल्याला झाड म्हणजेच जंगल असं शिकवलंय, त्यामुळे लोक येतात आणि म्हणतात, “इथे तर काहीच नाही, नुसतं माळरान.” तेच तर जंगल आहे आमचं! गवताळ माळाला पडीक म्हणायची सवय लागली आणि तिथेच माळढोक हरला. पहाटे जा, परवानगीचं वनखात्याच्या माणसाला विचारा, पिवळेजर्द कपडे घालू नका.

सोलापूर शहरात एक दिवस घालवण्यासारखं आहे का?

आहे. सिद्धेश्वर तलाव आणि मधलं देऊळ, त्याला लागूनच बहमनी काळातला भुईकोट किल्ला, दुहेरी तटाचा. ही जोडी पायीच बघा. मग अप्पासाहेब वारद यांचं इंद्रभुवन, भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक, आणि चार हुतात्मा चौक. १९३० साली इथे इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार नावं एकदा सलग वाचा, सोलापूर कसलं गाव आहे ते कळतं.

मंगळवेढा, माचणूर, नळदुर्ग हे सगळं बसेल का?

माचणूर आणि मंगळवेढा एका रस्त्यावर, अर्धा दिवस पुरे. माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि शेजारी किल्ला; औरंगजेबाची छावणी इथे ब्रह्मपुरीला १६९५ पासून चार-एक वर्षं होती. मराठ्यांच्या मागे लागलेला बादशाह म्हातारपणी या घाटावर बसून काय विचार करत असेल असं मला दरवेळी वाटतं. घाट सुंदर आहे, पाणी असेल तर पाण्यात उतरू नका, डोह आहेत. मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचं आणि चोखोबांचं गाव, आणि ज्वारीचं.

नळदुर्ग सोलापुरात नाही, धाराशिव जिल्ह्यात, पण आमच्यापासून ४५ किमी म्हणजे आमचंच. बोरी नदी किल्ल्यातच अडवलीय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, १६१३ च्या सुमाराचं आदिलशाही काम. पाऊस झाल्यावर वरून नर-मादी धबधबे पडतात आणि तुम्ही आत कोरडे. फक्त पावसाळा चांगला झाला तरच, आधी चौकशी करून निघा.

खायचं काय?

ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी वर दही, हिवाळ्यात हुरडा, शेंगापोळी, धपाटं. मटण खाणाऱ्यांना सांगायची गरज नाही, ते वासानेच पोचतात. तिखट झेपत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नंतर रडून उपयोग नाही. वाईनबरोबर काय जातं असं विचारतात लोक. मी थंड व्हाईटबरोबर शेंगाचटणी खाऊन बघितली, वाईट नव्हतं.

बेदाणा कुठून घ्यावा?

पंढरपूरजवळ कासेगाव बाजूला बेदाण्याची शेडं दिसतील, जाळीच्या रॅकवर द्राक्षं वाळत घातलेली. घड आधी डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढतात म्हणजे साल लवकर पाणी सोडते, मग पंधरवड्यात माल तयार. मार्चमध्ये आलात तर शेडवरच घ्या, हिरवा, लांब मण्याचा. धुऊन खा.

किती दिवस लागतील, आणि यायचं कसं?

तीन दिवस. पुण्याहून गाडीने येत असाल तर पहाटे भिगवण, मग इंदापूरवरून अकलूज, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळापूर, मग पंढरपूर, संध्याकाळी सोलापूर. हो, मला माहितीये मी वर आधी दर्शन म्हणालो, तर मग वाईनरी पहिल्या दिवशी नको, पुढच्या खेपेला उलट्या बाजूने या. तिसऱ्या दिवशी कुडल किंवा नान्नज, दोन्ही नको, दोन्हीला पहाटच लागते. पालखी मार्ग चार पदरी झाल्यापासून रस्त्याची तक्रार उरली नाही. रेल्वेने आलात तर कुर्डूवाडीला उतरून अकलूज जवळ पडतं, पण पुढे स्वतःची गाडी पाहिजेच, एसटीने हे सगळं जमवायला आठवडा लागेल.

आजी-आजोबा सोबत आहेत, झेपेल?

वेळापूर, पंढरपूर, अकलूजचा किल्ला झेपेल. नळदुर्गला चालणं फार. उन्हाची टोपी आणि पाणी सगळ्यांसाठीच.

वाईन घरी न्यायची तर काही काळजी?

पावती जवळ ठेवा आणि बाटली डिकीत विसरू नका. आमच्या उन्हात बंद गाडी म्हणजे भट्टी, दोन तासांत वाईनचा काढा होतो. सीटच्या खाली, एसीच्या गार बाजूला ठेवा, आणि सोलापुरातून चादर घेतलीच असेल तर तीच दोन घड्या करून भोवती गुंडाळा, बाटली फुटत पण नाही.